बाण रेखाटण्याआधीचं छायाचित्र दाखवा

५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकविरुद्धचे पुरावे मांडले. त्यात इराकमधल्या ताजी या ठिकाणच्या दारूगोळा कोठारांची उपग्रह छायाचित्रं होती. ती दाखवण्याआधी पॉवेल यांनी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली : ही छायाचित्रं सामान्य माणसाला वाचायला अवघड जातात, मलाही जातात; वर्षानुवर्षांचा अनुभव असलेले तज्ज्ञ तासन्‌तास त्यांवर नजर रोखून बसतात तेव्हा कुठे अर्थ लागतो. मग पडद्यावर छायाचित्रं आली आणि त्यांच्यासोबतच चौकटी, बाण आणि नावंही आली. इथे पहारा आहे. हे निर्विषीकरणाचं, म्हणजे विषारी रसायन सांडलं तर ते निपटणारं, वाहन. एवढं लिहून दिल्यावर अवघड काही उरलंच नाही. पाहणाऱ्याला निर्विषीकरणाचं वाहन सरळ दिसू लागलं.

नऊ दिवसांनी त्याच परिषदेत शस्त्रनिरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले, की ती दोन छायाचित्रं काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेली आहेत आणि त्यांवरून सांगितली जाणारी हालचाल ही कोठारातली नेहमीची ने-आणही असू शकते. मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. रासायनिक अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. अमेरिकी अध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगाने २००५ मध्ये जो अहवाल दिला, त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे विश्लेषकांनी रासायनिक अस्त्रांची खूण म्हणून एका विशिष्ट प्रकारच्या टँकरवर नको इतका भर दिला होता. तसा टँकर साध्या कामासाठीही उभा असू शकतो. दुसरी याहून विचार करायला लावणारी. संशयित ठिकाणी 'हालचाल वाढली आहे' असं जे वाटत होतं, त्याचं एक कारण बहुधा हे होतं की त्या काळात उपग्रहांनी त्या ठिकाणांची छायाचित्रं घेण्याचं प्रमाणच वाढलं होतं. जास्त वेळा पाहिलं, म्हणून जास्त दिसलं.

कॅमेरा इथे कुठेही खोटं बोललेला नाही. वाहन तिथे होतं. चूक झाली ती वाहन पाहणं आणि 'निर्विषीकरणाचं वाहन' पाहणं या दोन क्रियांच्या मधे, आणि ती मधली जागा जगाला दाखवलीच गेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आकाशातून घेतलेलं कोणतंही छायाचित्र सार्वजनिक वादात पुरावा म्हणून आणलं जातं, तेव्हा ही मधली जागाही लोकांसमोर आली पाहिजे. युद्ध असो, जंगलतोड असो, जमिनीचा तंटा असो की पुराचं नुकसान. आज ती येत नाही. उलट वरून घेतलेल्या चित्राला एक खास मान मिळतो : हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे बघा ना, दिसतंय! या 'दिसतंय'वर माझा आक्षेप आहे. तो कुणाच्या प्रामाणिकपणाबद्दल नाही, डोळा आणि मेंदू कसे काम करतात त्याबद्दल आहे.

सर्वांत साधी गोष्ट घेऊ, उजेडाची. माणसाची नजर गृहीत धरते की प्रकाश वरून येतो. वर उजळ आणि खाली गडद असलेला गोल आपल्याला फुगीर दिसतो. तोच कागद उलटा धरला की खोलगट. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये यावर जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत आणखी एक बाब पुढे आली. या गृहीतकातलं 'वर' हे आकाशाचं वर नसून आपल्या डोक्याचं वर असतं. मान आडवी केली की मेंदूने मानलेला सूर्यही आडवा होतो. जमिनीवर वावरताना ही सवय कधी दगा देत नाही. पण उत्तर गोलार्धातल्या मध्य अक्षांशांवर उपग्रह साधारण सकाळी दहा-साडेदहाला जातो, तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो आणि सावल्या वायव्येकडे पडतात. चित्र छापताना उत्तर वर ठेवायची आपली रीत. म्हणजे कागदावर उजेड खालून उजवीकडून येतो, नजर मात्र तो वरून आला असं मानते. परिणामी दरी डोंगराच्या धारेसारखी वर उठते आणि डोंगराची धार दरीसारखी खाली जाते. नदी कड्याच्या माथ्यावरून वाहू लागते.

हा भ्रम १७८६ मध्ये डेव्हिड रिटनहाउस यांनी शास्त्रीय निबंधात समजावून सांगितला होता, विमानं यायच्या कितीतरी आधी. त्यावर उपाय माहीत आहेत. छायाचित्र-वाचकाला पहिल्याच पाठात शिकवतात की कागद असा फिरव की सावल्या तुझ्याकडे पडतील. नकाशाकार डोंगरांची छटा काढताना उजेड वायव्येकडून आल्याचं दाखवतात. उत्तर गोलार्धातल्या मध्य अक्षांशांवर भर दुपारी तिथे सूर्य कधीच नसतो, पण नजरेला तेच पटतं. इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसालाही भ्रम सुटत नाही, ही यातली खरी बाब. मला कारण पाठ आहे, तरी उत्तर वर ठेवलेलं चित्र समोर आलं की दरी उठून उभी राहते आणि कागद फिरवावाच लागतो. माहिती आणि दिसणं यांचे मार्ग इतके वेगळे आहेत. म्हणूनच 'आमचे तज्ज्ञ अनुभवी आहेत, त्यांची फसगत होत नाही' हे उत्तर मला अपुरं वाटतं. अनुभवी माणूस फसत नाही असं नव्हे, तो कागद फिरवायला विसरत नाही. विश्वास ठेवायचा तो या कृतीवर, आणि ती झाली की नाही हे विचारता आलं पाहिजे.

उजेडाचा खेळ माणसाच्या चेहऱ्यापर्यंत जातो. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ यानाने मंगळाच्या सायडोनिया भागाचं छायाचित्र पाठवलं. सूर्य क्षितिजाजवळ होता, सावल्या लांब होत्या, तपशील भरड होते, आणि एका टेकाडावर दोन डोळे, नाक, तोंड उमटलं. १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने तेच टेकाड कितीतरी बारकाईने टिपलं, तेव्हा ते नुसतं झिजलेलं टेकाड निघालं. मधली वीसेक वर्षं या चेहऱ्यावर मोठमोठे तर्क रचले गेले. चेहरा ओळखण्यात आपला मेंदू इतका तरबेज आहे की पुरेसा तपशील नसला तर तो स्वतःजवळचा घालतो.

दुसरी सवय जोडण्याची. माक्स वेर्टहायमर आणि त्यांच्या गेस्टाल्ट परंपरेतल्या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे नियम मांडले : जवळजवळ असलेल्या गोष्टी नजर एकत्र बांधते, सारख्या दिसणाऱ्या एका गटात टाकते, तुटक रेघ पुरी करते, एकाच दिशेने सरकणाऱ्या ठिपक्यांना एक समूह मानते. या सवयी नसत्या तर पानांआडचा प्राणी आपल्याला दिसलाच नसता. पण त्यांना अर्धवट माहिती मिळाली, तर त्या काय करतात? मंगळावरच्या कालव्यांचा वाद ऐन भरात असताना, १९०३ मध्ये, ग्रीनिचचे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर माँडर यांनी शाळकरी मुलांसमोर गोलाकार चित्रं टांगली. त्यांवर कालवा एकही नव्हता, होते नुसते विखुरलेले ठिपके आणि डाग. जे दिसतंय ते काढा, एवढंच मुलांना सांगितलं होतं. काही अंतरावर बसलेल्या मुलांनी सरळ रेघा काढल्या. पर्सिव्हल लोवेल दुर्बिणीतून ज्या रेघा पाहून मंगळावर पाटबंधारे बांधणारी संस्कृती असल्याचं सांगत होते, तशाच. १९६५ मध्ये मरिनर ४ यानाने मंगळाची जवळून छायाचित्रं पाठवली, त्यांत विवरं होती.

माँडर यांचा प्रयोग मला या साऱ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. लोवेल खोटारडे होते असं ते म्हणत बसले नाहीत. मुळात रेघ नसलेलं चित्र, काहीच न सांगितलेले पाहणारे, आणि त्यांच्या हातून उमटलेली रेघ, एवढं त्यांनी समोर ठेवलं. आज उपग्रह प्रतिमेवरून एखादा गंभीर आरोप होतो तेव्हा अशी साधी चाचणी कोणी करतं का? याच जागेचं, पण आरोपाशी संबंध नसलेल्या दिवसाचं छायाचित्र, अनभिज्ञ वाचकापुढे ठेवून विचारतं का, की तुला काय दिसतं?

एकाच दिशेने सरकणारे ठिपके एक समूह वाटतात, हा नियम पुस्तकात निरुपद्रवी असतो. २१ फेब्रुवारी २०१० रोजी अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतात तीन वाहनं एकामागे एक जात होती आणि अमेरिकी ड्रोनचं पथक ती वरून पाहत होतं. एकत्र जाणारी वाहनं म्हणजे ताफा, ताफा म्हणजे हल्ल्याच्या तयारीतले सशस्त्र लोक, असा अर्थ लागत गेला. दूरवर बसून चित्रफीत पाहणाऱ्यांनी मुलं असल्याची शक्यता नोंदवली होती. ती ड्रोन पथकाला रुचली नाही, आणि पुढे सरकता सरकता मुलांची 'किशोरवयीन' झाली. वाहनांत साधे प्रवासी होते, बायका-मुलं होती. हल्ल्यानंतरच्या चौकशीने ड्रोन पथकाच्या चुकीच्या आणि अव्यावसायिक वार्तांकनावर ठपका ठेवला.

इथे तिसरी गोष्ट येते, लक्षाची. डोळ्यांसमोर असलेलं दिसतंच, ही आपली सर्वांत मोठी चुकीची समजूत. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या स्कॅनमधल्या गाठी शोधायला सांगितलं आणि एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं, गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर त्या जागेवरून गेली होती. ते गाठी शोधत होते, गोरिला नाही. त्याआधी २००५ मध्ये जेरेमी वुल्फ यांच्या गटाने दाखवलं होतं की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर लोक तिला ७ टक्के वेळा चुकतात. शंभरात एकाच चित्रात असेल तर ३० टक्के वेळा. उपग्रह प्रतिमा चाळणाऱ्याचं काम बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचं असतं. हजारो रिकाम्या चौकोनांत एखादाच भरलेला.

याचं सर्वांत जड उदाहरण १९४४ चं आहे. त्या वर्षी एप्रिलपासून दोस्त राष्ट्रांच्या टेहळणी विमानांनी आउशवित्झ या नाझी छावणीच्या परिसरावरून वारंवार छायाचित्रं घेतली. लक्ष्य होतं शेजारचा इगे फार्बेन कंपनीचा कारखाना. कारखाना बारकाईने वाचला गेला, त्याचं बांधकाम कुठवर आलंय ते नोंदवलं गेलं. त्याच फिल्मवर छावणी होती, गॅस चेंबर आणि दाहगृहांच्या इमारती होत्या. सीआयएचे डिनो ब्रुगिओनी आणि रॉबर्ट पॉइरिअर यांनी १९७८ मध्ये ती छायाचित्रं पुन्हा काढून पाहिली, तेव्हा त्या ओळखल्या गेल्या. त्यांच्याकडे अधिक चांगली यंत्रं होती हे खरं, पण त्यांच्याकडे प्रश्नही वेगळा होता. युद्धकाळातल्या वाचकांना कोणी छावणीबद्दल विचारलंच नव्हतं. छायाचित्र काय सांगतं हे त्याला कोणता प्रश्न विचारला यावर किती ठरतं, याचा यापेक्षा मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि २९ ऑगस्ट २०२१ चं काबूल. एका मदतसंस्थेच्या कर्मचाऱ्याची पांढरी गाडी दिवसभर वरून पाहिली गेली. तो पाण्याचे डबे उतरवत होता, पाहणाऱ्यांना ती स्फोटकं वाटली. दहा जण मारले गेले, त्यांत सात मुलं होती. अमेरिकी हवाईदलाच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत आढळलं की क्षेपणास्त्र सोडण्याच्या दोन मिनिटं आधीच्या चित्रफितीत एक मूल दिसतं, पण ते शोधत असणाऱ्यालाच दिसेल असं. आधी ठरलेल्या समजुतीला दुजोरा देणारंच नजरेने उचललं, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा वेळी मुद्दाम उलट बाजू मांडणारं कोणीतरी निर्णयात असावं, अशी शिफारसही त्यांनी केली.

यावरून 'वरून काहीही पाहा, काहीही दिसतं' असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मला मान्य नाही. हे वाचन जमतं, आणि उत्तम जमतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या मेडमनहॅमच्या छायाचित्र-वाचकांनी स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन चित्रं एकत्र दाखवून खोली भासवणाऱ्या उपकरणाखाली, छायाचित्रांच्या जोड्या लावून जमिनीची उंची वाचली. कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ च्या अखेरीस जर्मनीतल्या पेनेम्युंड इथल्या रॅम्पवरचा क्रुसासारखा इवला आकार ओळखला, तो व्ही-१ हा जर्मन उडता बॉम्ब होता. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबावरून यू-२ विमानाने आणलेली छायाचित्रं अध्यक्ष केनेडींपुढे ठेवली गेली, तेव्हा त्यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांना त्यांत शेतासाठी किंवा घराच्या पायासाठी साफ केलेल्या जागेपेक्षा जास्त काही दिसलं नव्हतं, असं त्यांनीच नंतर लिहून ठेवलं. तज्ज्ञांवर विसंबावं लागलं, आणि तज्ज्ञ बरोबर होते. पण का बरोबर होते? त्यांनी वस्तूंची लांबी मोजली, सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहिली, आणि पुन्हा पुन्हा विमानं पाठवून तीच जागा तपासली. ताजीच्या वाहनापाशी मोजमापाऐवजी ओळख पुढे गेली. फरक नजरेच्या तीक्ष्णतेचा नव्हता.

ओळखीच्याही पायऱ्या आहेत आणि त्या मोजता येतात. जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की 'तिथे काहीतरी आहे' एवढं सांगायला जितका तपशील लागतो, त्याच्या चौपट तपशील 'ते वाहन आहे' म्हणायला लागतो आणि 'ते अमुक वाहन आहे' म्हणायला सहापटीहून जास्त. तेही पाहणाऱ्यांतले निम्मेच बरोबर सांगतील या हिशेबाने. बातम्यांतल्या चित्रओळी पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात. मधे कोणी थांबत नाही.

रंगांबद्दल थोडक्यात सांगतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या इन्फ्रारेड पट्ट्याला लाल रंग देऊन केलेल्या प्रतिमेत निरोगी झाडी लाल दिसते, आणि ज्याला हे माहीत नाही त्याला जळालेलं रान दिसतं. इंद्रधनुषी रंगपट्टी वापरली की पिवळ्याच्या कडेला एक सीमा उमटते, जी जमिनीवर कुठेच नसते. कोरड्या ऋतूतलं चित्र ओल्या ऋतूतल्या चित्राशेजारी ठेवलं की जंगल नाहीसं झाल्यासारखं वाटतं. हे सगळं तारीख आणि रंगांची किल्ली छापून टाळता येतं, इतकं सोपं आहे.

आता पुष्कळांना वाटतं की हे काम यंत्रांकडे गेलं, म्हणजे माणसाच्या नजरेचे दोष गेले. मला उलट भीती वाटते. ही यंत्रं शिकतात ती माणसांनी चौकटी आखून नावं दिलेल्या लाखो प्रतिमांवरून. ज्या नजरेने सावली पाहून खड्ड्याला उंचवटा म्हटलं, तिचंच लेबल यंत्राने पाठ केलेलं असू शकतं. धूसर प्रतिमा 'स्पष्ट' करणारी प्रणाली तर नसलेला तपशील तयार करते. जे गेस्टाल्टचा नियम डोक्यात करतो तेच ती पिक्सेलमध्ये करते, आणि मग तो तपशील छायाचित्राचाच भाग वाटू लागतो. यंत्राने काढलेल्या चौकटीवरचा 'शेकडा ९२' हा आकडा ती गोष्ट खरी असण्याची शक्यता असतोच असं नाही. पण बाणापुढे जशी आपली नजर झुकते, तशी आकड्यापुढे त्याहून जास्त झुकते.

म्हणून माझी मागणी ठोस आहे. सार्वजनिक आरोपासाठी वापरलेलं हवाई छायाचित्र आधी कोरं दाखवावं, कोणतीही चौकट वा बाण नसलेलं, आणि मगच खुणा केलेलं. एकदा बाण पाहिला की त्याआधीची नजर परत मिळत नाही, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. चित्रासोबत तारीख, वेळ, सूर्याची दिशा आणि उंची, एका पिक्सेलमध्ये मावणारी जमीन, आणि प्रतिमेवर केलेली प्रक्रिया असावी. 'दिसतं' आणि 'आम्हाला वाटतं' यांची वाक्यं वेगळी लिहावीत : 'सुमारे इतक्या लांबीचं वाहन' हे एक, 'टँकर' हे दुसरं, 'रसायनांचा टँकर' हे तिसरं. तीच जागा इतर दिवशी कशी दिसते आणि ती किती वेळा पाहिली गेली, हेही सांगावं; २००५ च्या आयोगाने दाखवलेली चूक त्याशिवाय पकडताच येत नाही. आणि जिथे माणसाचा जीव, घर किंवा जमीन पणाला लागली आहे, तिथे आरोपाची कल्पना नसलेल्या दुसऱ्या वाचकाचं मत सक्तीचं असावं. न्यायालयांनी ते मागावं.

गुप्ततेचा आक्षेप येईल. सैन्याला आपल्या कॅमेऱ्याची ताकद उघड करायची नसते, हे मी समजू शकतो. पण मग त्या छायाचित्राच्या आधारे जाहीर सभेत लोकांची संमती मागू नये. संमती हवी असेल तर वाचन दाखवावं लागेल. घाईचा आक्षेप जास्त खरा आहे. पूर आला असताना, इमारती कोसळलेल्या असताना बचाव पथकाला अर्ध्या तासात नकाशा हवा असतो, तिथे दुसरा वाचक शोधत बसणं क्रूरपणा ठरेल. तिथे चुकीच्या इमारतीकडे गेलेलं पथक परत फिरू शकतं, म्हणून घाई क्षम्य आहे. क्षेपणास्त्र परत फिरत नाही. किती तपासायचं याची मोजपट्टी यावरून ठरावी.

आणि एक आक्षेप असा की एवढे किंतु जोडले तर लोक कशावरच विश्वास ठेवणार नाहीत; खरे अत्याचार करणारेही 'हा तुमचा दृष्टिभ्रम' म्हणून सुटतील. ही काळजी मलाही आहे. म्हणूनच तर वाचन उघडं हवं. खुणा केलेलं चित्र नाकारायला 'मला पटत नाही' एवढं पुरतं. मोजलेली लांबी, सावलीवरून काढलेली उंची आणि दहा तारखांची रांग नाकारायची तर प्रतिपक्षाला स्वतःची मोजमापं आणावी लागतात.

यातलं बरंचसं करायला नवा कायदाही लागत नाही. व्यावसायिक उपग्रह कंपन्या प्रतिमा देतात तेव्हा तिच्यासोबतच्या फाइलमध्ये घेतल्याची वेळ, सूर्याची दिशा, त्याची क्षितिजापासूनची उंची आणि उपग्रह किती तिरका पाहत होता तो कोन, हे सगळं आधीच असतं. वृत्तसंस्थेपर्यंत ते पोहोचतं. तिथून वाचकापर्यंत येताना ते कापलं जातं आणि त्या जागी लाल वर्तुळ येतं. ते कापणं उद्यापासून थांबवता येईल.